२६ मशीनं, १३ गावं: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वाटपाच्या नोंदी (एप्रिल ते जून २०२१)

आमचा भाग खानापूर-आटपाडीकडचा, सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी बाजूचा. इथल्या घराघरातला एक तरी माणूस गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात परराज्यात असतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या मंडळींनी आपापल्या गावाला कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून रुग्णाला देणारी विजेवरची मशीनं, पाठवले. काही आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाने वर्गणीतून घेतले. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, त्यामुळे वाटपाचा हिशेब माझ्याकडे आला. तेव्हा वहीत लिहिलेल्या नोंदी इथे नीट करून ठेवतो आहे. उद्या कुणाला हेच काम करावं लागलं तर आमचे वाया गेलेले दिवस तरी त्यांचे वाचावेत.

१२ एप्रिल, सोमवार

हातात ८ मशीनं, सगळी ५ लिटरची (मिनिटाला ५ लिटर देणारी). सकाळपासून १४ फोन. संध्याकाळपर्यंत आठही गेली. ज्याचा फोन आधी आला त्याला दिलं. रात्री मोजलं तर आठातली पाच एकाच गावात, आणि ते गाव आमच्या गटातल्या दोघांचं. कुणी मुद्दाम केलं नाही, पण ज्याच्याकडे आमचा नंबर होता त्याचाच फोन आधी येणार होता. उद्यापासून काहीतरी पद्धत हवी.

१४ एप्रिल

गुणांकाची पद्धत बनवली. वय, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), मधुमेह किंवा रक्तदाब, घरापासून दवाखान्याचं अंतर. प्रत्येकाला गुण, बेरीज जास्त त्याला मशीन आधी. शीट तयार करायला दोन रात्री गेल्या. सॅच्युरेशनला सगळ्यात जास्त वजन दिलं: जितकं कमी तितके गुण जास्त. तेव्हा हे इतकं उघड वाटलं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

प्रत्येकी ५,००० रुपये अनामत ठरवली, मशीन परत यावं म्हणून.

१७ एप्रिल

अनामत बंद केली. तीन दिवसांत दोन गोष्टी दिसल्या. मजुरी करणाऱ्या घरांतून फोन येणंच थांबलं. आणि ज्यांना ५,००० जड नव्हते, त्यांच्यापैकी एकाने सरळ सांगितलं, "पैसे भरल्यात की सर, मग घाई कशाला करता?" अनामतीने मशीनचं भाडं ठरवून टाकलं, तेही मुदत नसलेलं. घेतलेले सगळे पैसे परत केले.

१९ एप्रिल

आकडे गडबडायला लागले आहेत. फोनवर सॅच्युरेशन विचारलं की गेल्या आठवड्यात ९१, ८९, ९२ अशी उत्तरं यायची. आता सगळ्यांचं ८५ च्या खाली. आजार एका आठवड्यात इतका बदलत नाही. कमी आकड्याला मशीन मिळतं हे गावात कळलं आहे. त्यांचा दोष मी मानत नाही. घरात बाप धापा टाकत असताना माणूस खरं-खोटं बघत बसत नाही. दोन ठिकाणी ऑक्सिमीटरच चुकीचा होता, आणि एका आजींच्या बोटांवर नातवाच्या लग्नाची गडद मेंदी होती. दुसऱ्या बोटावर, हात चोळून गरम करून लावला तर ८४ चे ९३ झाले.

२१ एप्रिल, बुधवार

नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळून २२ रुग्ण गेल्याची बातमी दुपारी आली.

आणि आमच्या यादीतला एक माणूस. ५८ वर्षं वय, सॅच्युरेशन ८२, आमच्या गुणांकात सगळ्यात वर. सोमवारी मशीन दिलं. ५ लिटरवर ८८ पर्यंत आलं, घरच्यांना धीर आला. आज सकाळी ७४. मिरजेला हलवलं.

संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुमचं मशीन घरात आलं म्हणून त्या लोकांनी बेड शोधायचं थांबवलं. दोन दिवस गेले."

२४ एप्रिल

ते गृहस्थ गेले. बेड आधी मिळाला असता तर वाचले असते का, हे कुणी सांगू शकत नाही. पण ते दोन दिवस माझ्या शीटने घेतले हे खरं आहे, आणि ते इथे लिहून ठेवणं भाग आहे.

गुणांकाची शीट रद्द केली. कुठे चुकलं ते मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. ५ लिटरचं मशीन मिनिटाला जास्तीत जास्त ५ लिटर देतं, तेही साधारण ९३ टक्के शुद्धतेचं. ज्याला १० किंवा १५ लिटर लागतात त्याला ते पुरतच नाही. त्याची जागा दवाखान्यात. मशीनचा खरा उपयोग दुसऱ्यालाच: आजार उतरणीला लागला आहे, २ लिटरवर ९४ राहतं, पण ऑक्सिजन काढला की ८९ होतं, आणि एवढ्यासाठीच जो दवाखान्यात बेड अडवून पडला आहे त्याला. तो घरी गेला की त्याच्या बेडवर ८२ वाला येतो. सगळ्यात आजारी माणसाला वाचवायचं तर मशीन कमी आजारी माणसाला द्यायला हवं होतं. बारा दिवस आम्ही उलटं केलं.

नवा नियम एवढाच: डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यावर किती लिटर ते लिहिलेलं, ४ लिटरपर्यंत असेल तरच मशीन. चिठ्ठ्या एकाच दिवशी जास्त आल्या तर ज्याच्या सुटीने ऑक्सिजनचा बेड रिकामा होतो तो आधी. फोनवर विचारलेल्या आकड्यावर काहीही ठरवायचं नाही.

२६ एप्रिल

एक मशीन पिकअपमध्ये आडवं टाकून परत आलं. आतलं कॉम्प्रेसरचं माउंटिंग तुटलं, दुरुस्तीला चार दिवस आणि ३,८०० रुपये. मशीन १५ किलोच्या आसपास असतं, एकटा माणूस उचलतो, म्हणून लोक पोत्यासारखं टाकतात. आता द्राक्षाच्या क्रेटमध्ये उभं बसवून, बाजूला गोणपाट कोंबून पाठवतो. वरच्या बाजूला ठळक अक्षरात "उभंच ठेवा".

गाडीचा प्रश्नही आज सुटला. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गावात दूधसंकलनाची गाडी जातेच, लॉकडाऊनमध्येही ती चालू आहे. कॅनच्या शेजारी एक क्रेट सहज मावतो. चालकांनी पैसे घ्यायला नकार दिला. डिझेलचे रोजचे आठ-नऊशे रुपये वाचले, आणि मशीन परत यायला गाडीची वाट बघण्यात जाणारा अर्धा-एक दिवस वाचला. हा अर्धा दिवस किती मोलाचा होता ते पुढच्या आठवड्यात कळलं.

३० एप्रिल, शुक्रवार

आज मशीनं १७. तरी रांग वाढतेच आहे. रोज सरासरी ३ चिठ्ठ्या येतात.

मी लोकांना तारखा देत होतो: "मंगळवारी मिळेल", "गुरुवारी मिळेल". निम्म्याहून जास्त वेळा शब्द मोडला. हिशेब असा होता: परत आलेली १८ मशीनं सरासरी साडेपाच दिवस बाहेर होती. १७ भागिले साडेपाच, म्हणजे रोज ३ मोकळी होतील. पण प्रत्यक्षात रोज एक, कधी दोन.

चूक सापडायला रात्रीचा एक वाजला. सरासरी मी फक्त परत आलेल्यांची काढत होतो. जे लवकर परत येतं तेच या सरासरीत येतं. जे दोन-अडीच आठवडे कुणाच्या खोलीत उभं आहे ते हिशेबाबाहेर. बारावीला मी हे शिकवत नाही, पण बारावीच्या पोराने विचारलं असतं तर सांगता आलं असतं. स्वतःच्या शीटवर दिसलं नाही.

बरोबर हिशेब: १८ दिवसांत सगळी मशीनं मिळून बाहेर किती दिवस होती? २१६ मशीन-दिवस. परत किती आली? १८. भागाकार १२. म्हणजे एक मशीन १२ दिवस अडकतं. १७ भागिले १२, रोज १.४. हे वस्तुस्थितीशी जुळतं.

हाच भागाकार पुढच्या सगळ्या कामाचा कणा ठरला. रांगांच्या गणितात त्याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. रोज किती येतात गुणिले प्रत्येकजण किती दिवस थांबतो, म्हणजे एका वेळी किती मशीनं लागतील. रोजचे ३ गुणिले १२ दिवस, ३६ मशीनं हवीत. आमच्याकडे १७. मी आत्तापर्यंत "कुणाला द्यायचं" यावर झोप घालवत होतो. "परत कधी येतं" हे कुणीच बघत नव्हतं.

२ मे, रविवार

३६ कुठून आणायची? बाजारात ५ लिटरच्या मशीनला ८० हजार ते लाख सांगतात, तेही दोन आठवड्यांनी. पण गावोगावी चौकशी केली तर आजूबाजूच्या १३ गावांत गलाईवाल्यांनी पाठवलेली २० मशीनं आहेत, आणि त्यांतली ११ आज बंद पडून आहेत. नादुरुस्त नाहीत, त्या गावात आज रुग्ण नाही एवढंच. शेजारच्या गावात चिठ्ठी घेऊन माणूस बसला आहे.

एका सरपंचांना विचारलं. "सर, मशीन आमच्या गावचं हाय. आमच्या पोरांनी कलकत्त्यासनं पाठवलंय. उद्या आमच्यात कोण पडलं तर तुमी देणार का?" त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. प्रश्नाला उत्तर हवं होतं.

४ मे

उत्तर फाशांनी दिलं. शाळेच्या पटांगणात, अंतर ठेवून, नऊ गावांचे लोक. प्रत्येक गावापुढे दोन चिंचोके ठेवले, हीच दोन मशीनं. सापशिडीचा फासा. प्रत्येक गावाने रोज एकदा टाकायचा, सहा पडला की एक रुग्ण आला. रुग्ण आला की एक चिंचोका ९ दिवसांसाठी बाजूला. दोन्ही चिंचोके बाहेर असताना पुन्हा सहा पडला तर त्या रुग्णाला नाही म्हणायचं, फळ्यावर एक रेघ. साठ दिवस खेळलो, दोन तास लागले.

मग सगळे चिंचोके मध्ये एका ताटात. तेच फासे, तेच साठ दिवस. मघाशी फळा रेघांनी भरला होता, आता बोटांवर मोजता येतील इतक्या.

घरी १३ गावांचा हिशेब सूत्राने करून पाहिला होता. प्रत्येकी २ मशीनं वेगवेगळी ठेवली तर १०० पैकी ३१ रुग्णांना नाही म्हणावं लागतं. तीच २६ एकत्र केली तर १०० पैकी ३. हे सूत्र एर्लांग यांचं, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या माणसाने १९१७ मध्ये लाईन किती टाकाव्यात यासाठी मांडलेलं. पण सूत्राने कुणाला पटलं नसतं. कलकत्त्याचं म्हणणाऱ्या सरपंचांच्या गावाला खेळात सलग तीन सहा पडले आणि तिसऱ्या रुग्णाला मशीन नव्हतं, त्यांना ते तिथेच कळलं. ते उठून म्हणाले, "आमचं घ्या."

११ मशीनं आली.

५ मे

११ पैकी ९ कामाची. ऑक्सिजन अ‍ॅनालायझर एका बायोमेडिकल इंजिनिअरकडून उसना आणून प्रत्येक मशीन तपासलं. दोन मशीनांवर ७ लिटर लिहिलेलं, पण १ लिटरवर ९० टक्के आणि ५ लिटरवर ५० च्याही खाली. आकडा वाढवला की हवा जास्त येते, ऑक्सिजन नाही. ती दोन बाजूला काढली. ज्यांनी पाठवली त्यांनी भरवशाने मोठी रक्कम मोजली होती, त्यांना फोन करून सांगणं जड गेलं. हे काम करणाऱ्याने मशीन घेण्याआधी, दान असलं तरी, ५ लिटरवर शुद्धता मोजूनच यादीत घालावं. ८२ टक्क्यांच्या खाली आमच्याकडे बाद.

एकूण आता २६. भागिले १२, रोज २.१७. अजून ३ नाही.

६ मे

१० दिवसांहून जास्त बाहेर असलेल्या प्रत्येक घरी फोन केला. ९ घरं. पाच ठिकाणी रुग्ण बरा, सॅच्युरेशन ९६, मशीन कोपऱ्यात. मग परत का नाही? पाचही घरांतून एकच उत्तर, शब्द वेगळे: परत त्रास झाला तर? तुम्ही तेव्हा देणार का? सरपंचांचा प्रश्न घरोघर तोच होता.

दोन ठिकाणी गरज खरीच होती. एका घरी फोन लागला नाही.

आणि एका घरी आई जाऊन ११ दिवस झाले होते. मशीन तिच्या खाटेशेजारी तसंच. आम्हाला माहीत होतं, पण दहावा-तेरावा होईपर्यंत फोन करायची कुणाची छाती झाली नव्हती. आज मी केला. तिच्या भावाने उचलला, म्हणाला, "आमीच पाठवणार होतो, पर कुणी हात लावंना." दुधाच्या गाडीने नको म्हणाले, स्वतः मोटरसायकलवर मध्ये उभं धरून घेऊन आले. त्या रात्री ते दुसऱ्या घरी गेलं.

८ मे

नवी रीत. मशीन परत देणाऱ्याला एक कार्ड: "पुढच्या ३० दिवसांत डॉक्टरांनी पुन्हा ऑक्सिजन सांगितला तर रांगेत न थांबता ३ तासांत मशीन मिळेल." शब्द पाळायचा तर २ मशीनं कायम रिकामी ठेवावी लागणार. गटात भांडण झालं. रांगेत माणसं असताना दोन मशीनं नुसती ठेवायची? मलाही ते बोचत होतं. कागदावर मांडलं: २६ मशीनं १२ दिवसांनी फिरली तर रोज २.१७ रुग्ण. २४ मशीनं ८ दिवसांनी फिरली तर रोज ३. कार्डाने १२ चे ८ होत असतील तर दोन रिकामी ठेवूनही जास्त लोकांना मिळतं. आठ होतील याची खात्री नव्हती. तीन आठवडे करून बघायचं ठरलं.

सोबत: तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी आशाताईंची भेट, आणि मॅडमच्या सांगण्यानुसार ऑक्सिजन काढून सॅच्युरेशनचं वाचन. धुणं-पुसणं, फिल्टर, नवी नळी, ह्युमिडिफायरची बाटली हे एका दिवसाऐवजी ४ तासांत. मशीन धुण्यात पडून राहतं तोही बाहेरचाच दिवस.

९ मे, रविवार

वळवाचा पाऊस, सात गावांची वीज गेली, पाच तास. मशीन विजेवर चालतं ही गोष्ट आम्ही कागदावर लिहिली होती, तयारी केली नव्हती. बी टाइपचे ४ सिलिंडर होते, एकात १,५०० लिटर, ४ लिटरने सव्वासहा तास पुरतो. ते कुठे ठेवायचे हे मी नकाशावर दोरा ठेवून ठरवलं होतं. ज्या घराला ९ किलोमीटर धरलं ते ओढ्याला वळसा घालून २१ निघालं. सिलिंडर पोचायला ७० मिनिटं. तोवर घरच्यांनी रुग्णाला पालथं झोपवून ठेवलं होतं. निभावलं.

दुसऱ्या दिवशी दोरा टाकून दिला. दुधाच्या गाडीच्या चालकांना बसवून कुठून कुठे किती मिनिटं ते विचारलं, आणि अर्ध्या तासाच्या आत प्रत्येक घर येईल अशा चार जागा निवडल्या. एक किराणा दुकान, एक दूध डेअरी, दोन शाळा. दोन गावं तरीही अर्ध्या तासात बसेनात. त्या गावांत २ लिटरपेक्षा जास्त लागणाऱ्याला मशीन द्यायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, त्यासाठी नऊ स्टॅबिलायझर घेतले, १९,००० रुपये.

१४ मे, अक्षय्य तृतीया

आज यादी चाळताना दिसलं: ३० एप्रिलपर्यंत दिलेल्या ३५ मशीनांपैकी बायकांसाठी फक्त ८. रुग्णालयात बायका इतक्या कमी नाहीत. चिठ्ठी घेऊन फोन करणारा पुरुष असतो, आणि "तिला घरी बरं वाटेल" म्हणून सुटी मागणारं कुणी नसतं. आता वॉर्डातूनच यादी घेतो, नर्स ताई रोज सकाळी कोण २ ते ४ लिटरवर आहे ते कळवतात. नातेवाइकाच्या फोनची वाट बघत नाही. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

३० मे, रविवार

तीन आठवड्यांचा हिशेब, या वेळी नीट. १० ते ३० मे, २१ दिवस, २४ मशीनं, ५०४ मशीन-दिवस. परत आली ६३. भागाकार बरोबर ८.

कार्डं ६३ दिली. पुन्हा मागणी आली ४ घरांतून.

रांग २३ मे पासून रोज संपते आहे. लाटही उतरते आहे, त्यामुळे सगळं श्रेय पद्धतीला देता येणार नाही. चिठ्ठ्या रोज ३ होत्या त्या आता २ च्या आत आल्या आहेत.

खर्च, मशीनं सोडून: स्टॅबिलायझर १९,०००, नळ्या आणि बाटल्या १४,५००, दुरुस्ती ११,२००, डिस्टिल्ड वॉटर आणि सॅनिटायझर ६,०००, डिझेल पहिल्या दोन आठवड्यांचं १२,४००.

६ जून

शीट कुणाला हवी असेल तर तिच्यात आता सहाच रकाने आहेत: मशीन क्रमांक, शुद्धता ५ लिटरवर, कुठे आहे, कधी गेलं, चिठ्ठीवरचे लिटर, आशाताईंच्या भेटीची तारीख. एप्रिलच्या शीटमध्ये २३ होते. वय आणि आजारांचे रकाने काढून टाकले आहेत, ते डॉक्टरांच्या कागदावर असतात.

१९ मशीनं परत आली आहेत. गावांची गावांना द्यायची का, हे सरपंचांना विचारलं. सहा गावं एकत्रच ठेवा म्हणाली, तीन गावांनी परत नेली. सात मशीनं अजून बाहेर आहेत, त्यांतली चार फुफ्फुसं भरून न आलेल्या रुग्णांकडे. त्यांना किती दिवस लागतील ते मॅडमनाही सांगता येत नाही, आम्ही त्यांच्यापुढे तारखेचा रकाना रिकामा ठेवला आहे.

११ जून

रात्री ९.४० ला कार्डवाला फोन, पाचवा. वळसा असलेलं गाव. राखीव दोनपैकी एक निघालं, दुधाची गाडी नव्हती म्हणून कलकत्त्याचं म्हणणारे सरपंच स्वतःच्या जीपमधून घेऊन गेले. ११.५० ला मशीन सुरू झाल्याचा निरोप आला. २ लिटरवर ९५.